पंपातलं लाल तेल

वन्सं लाल तेलाकडे बघून म्हणाल्या, "बघ, किती काळं कुळकुळीत झालंय."

हे एक वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बसले आहे. जपानंतर चार ओळी लिहायच्या हा माझा रोजचा नेम. आज जपातच तीनदा चुकले. पहिल्यापासून लिहिलं तर कदाचित डोकं ठिकाणावर येईल.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, म्हणजे ह्यांना, त्यांनीच शिकवून उभं केलं. गल्लीत त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणतात. पन्नाशीला स्वतःच्या पैशाने जुनी गाडी घेतली, गिअर आपोआप बदलणारी, आणि मग चालवायला शिकल्या. शिकवणारा म्हणाला होता, "मावशी, ह्या वयात?" वन्सं म्हणाल्या, "तुझ्या वयाच्या पोरांना मी ओरडू न देता सुया टोचल्यात. चल, सुरू कर."

इंजिनचं तेल घरीच बदलायचं हा त्यांचा हट्ट निवृत्तीनंतरचा. एका गॅरेजवाल्याने तेल न बदलताच बदललं म्हणून सांगितलं आणि वन्संनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढून सगळ्यांसमोर त्याच्या नाकाखाली धरली. त्या दिवसापासून गॅरेजला जाणं बंद. पण गाडीखाली आडवं व्हायला कंबर तयार नव्हती. मग त्यांनी हा पंप आणला. एक मोठा डबा, त्याला वर दांडा, बाजूला बारीक लांब नळी. तेलाची पातळी बघायची पट्टी जिथून निघते, त्याच भोकातून नळी थेट तळापर्यंत सोडायची. दांडा पंधरा-वीस वेळा वरखाली करायचा की डब्यातली हवा निघते आणि इंजिनातलं तेल आपोआप वर ओढलं जातं. आधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, कारण कोमट तेल पटकन येतं.

"ह्यात नवीन काय आहे?" वन्सं म्हणायच्या. "जन्मभर लोकांच्या घशातला कफ ओढला. हा पेशंट निदान खोकत तरी नाही." तेल संपून नळी घुर्र वाजली की "झाला घसा मोकळा" म्हणून नळी काढायच्या. शिस्तही वॉर्डातलीच. बाहेर किती आलं, आत किती गेलं, ते भिंतीवरच्या कागदावर लिहायचं. टॉर्च आणि नरसाळं धरणं एवढंच माझं काम, आणि ते मी चार वर्षं इमानाने केलं.

आज सकाळी ह्यांना फिरतीवर जाऊन दोन दिवस झालेले. शेजाऱ्यांकडे रंगकाम चाललंय, त्यांची शिडी गाडीच्या डाव्या अंगाला टेकवलेली. म्हणून वन्सं नेहमीच्या डावीकडे न जाता उजव्या बाजूने वाकल्या. बोटांनी चाचपत पट्टीची पहिली मूठ सापडली, ती ओढली, नळी आत सोडली. मी जपाची ओळ पुटपुटत टॉर्च धरून उभी. वन्संनी दांडा मारला आणि नळीतून तेल चढू लागलं.

लाल. डाळिंबाचा रस असावा तसं.

चार वर्षांत मी काळ्याशिवाय रंग पाहिला नव्हता. आणि वन्सं त्या नळीवर नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन म्हणाल्या, काळं कुळकुळीत.

बावीस वर्षांत मी त्यांचं वाक्य खोडलेलं नाही. मनात म्हटलं, त्या शिकलेल्या, त्यांना कळतं. टॉर्चचाच उजेड पिवळट असेल. साडेतीन लिटर आलं. "मागच्या वेळी चार होतं. गाडी तेल प्यायला लागली वाटतं," असं म्हणत त्यांनी कागदावर लिहिलं, आणि इंजिनाचं झाकण उघडून चार लिटर नवं तेल ओतलं. नरसाळं मीच धरलं होतं.

गाडी सुरू केली. आवाज घोगरा आला, मागून धूर निघाला. वन्संनी गिअर टाकला, पाय दाबला. इंजिन ओरडलं पण गाडी जागची हलेना. पटकन किल्ली फिरवून त्यांनी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसल्या.

"अगं, डब्यातलं तेल बघ. रंग कसा आहे?"

"लाल."

"नीट बघ. पांढऱ्या फडक्यावर थेंब घे."

"घेतला. लालच आहे वन्सं."

"मग मघाशी तोंडात काय कोंबलं होतंस?"

"तुम्ही काळं म्हणालात ना!"

त्यांनी थेंब बोटावर चोळला, वास घेतला. "गिअरचं आहे," म्हणाल्या. म्हणजे गिअर कोरडा, आणि इंजिनात जुन्या तेलावर चार लिटर नवं. लाल मुठीची पट्टी गिअरच्या तेलाची, पिवळ्या मुठीची इंजिनाची. डावीकडून चाचपलं की पहिली हाताला लागते ती पिवळी, उजवीकडून लाल. त्या रंग बघतच नव्हत्या. मोजत होत्या.

मी घराच्या पायरीवर बसले. "कधीपासून?" मी विचारलं.

"उजवा डोळा गेलाय. आठ महिने झाले. डाव्यात मधोमध डाग आहे, कडेकडेने दिसतं." औषधाची वेळ सांगावी तशा आवाजात त्या बोलल्या. "एवढं तोंड वासू नकोस, कोणाला धडकले का मी?"

तेव्हा गाडीतलं त्यांचं एकेक वाक्य आठवायला लागलं. "हिरवा झाला का गं?" "ती पाटी वाच बघू, तुझं वाचन सुधारेल." "समोरचा थांबलाय की चाललाय?" मला वाटायचं, वन्संना आताशा माझ्याशी बोलावंसं वाटतंय. मी इतकी खूश व्हायचे की मान वळवून गप्पा मारायचे. कधी कधी डोळे मिटून जप करायचे! भर चौकात, आठ महिने, ही गाडी माझ्या डोळ्यांवर चालली होती आणि मी ते मिटून बसत होते. शाळेसमोरचा रस्ताही त्यातच होता.

मग आम्ही इंजिनातलं सगळं तेल ओढून काढलं, पुन्हा चार लिटर घातलं. पट्टी मी वाचली. गिअरचं तेल दुकानातून आणायचं राहिलं.

"उद्या तेल घालू," वन्सं हात पुसत म्हणाल्या. "गुरुवारी तुला बाजारात नेते. भावाच्या कानावर घालू नकोस, तो उगाच घाबरतो."

"किल्ली द्या वन्सं."

"काय?"

"किल्ली."

त्या हसल्या. "तुझा देव मोठ्यांचं ऐक म्हणतो ना?"

"देवाने आठ महिने तुमची गाडी सांभाळली. आता त्याला सुट्टी द्या."

हे मी कसं बोलले मला माहीत नाही. वन्संचा चेहरा पडला. "मला कोणी 'चला, नेऊन सोडतो' म्हणायला लागलं ना, त्या दिवशी मी संपले. कळतंय तुला?" किल्लीवरची मूठ घट्ट. मी त्यांचं एकेक बोट सोडवलं. जन्मभर सुई न चुकलेली बोटं, तेलाने निसरडी. त्यांनी जोर केला नाही, पण मदतही केली नाही. किल्ली हाती आली तेव्हा मी रडत होते आणि त्या नव्हत्या.

आत येऊन ह्यांना फोन केला, सगळं सांगितलं. मग डोळ्यांच्या दवाखान्यात लावला. बाई वेळ विचारत होती. पलीकडच्या खोलीतून वन्संचा आवाज आला, "साडेदहाची घे! अकराला तो डॉक्टर चहाला जातो. आणि त्याला सांग, काय तपासायचं ते तपास, पण मला समजावत बसायचं नाही."

मी साडेदहाची घेतली. समजावू नका, हा निरोप मात्र दिला नाही.