लाथ बसल्याची गाठ

प्रभादेवीला आमच्या गल्लीत रेगेबाईंचा दवाखाना होता. एखादा पुरुष ‘बाई, जरा खाली सूज आहे’ असं पुटपुटला, की त्यांचा पारा चढायचा. “खाली म्हणजे कुठे? तळमजल्यावर?” हे बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू यायचं.

मग खिडकी लावून, दिवा घालवून त्या सुजेला टॉर्च लावायच्या. उजेड आरपार जाऊन लालसर दिसला, तर पाणी साठलंय. हाताला गांडुळांचा गुंता लागला, तर शिरा फुगल्यात. खोकल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर आत जाणारी सूज म्हणजे बहुधा आतडं उतरलंय. आणि अचानक जीवघेणी कळ आली, तर वृषणाला पीळ बसलेला असू शकतो; तेव्हा टॉर्चबिर्च राहू दे, टॅक्सी करून तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं. हे सगळं त्या समजावून सांगायच्या आणि पेशंट मान खाली घालून ऐकायचा. “दुखणारं लवकर येतं माझ्याकडे,” त्या म्हणायच्या. “न दुखणारं घरी बसतं. मला भीती त्याची.”

माझा धाकटा भाऊ मंगेश कबड्डी खेळायचा. चढाईत एकदा नको तिथे लाथ बसली आणि नंतर हाताला गाठ लागली. त्याने फक्त कोचला सांगितलं. कोचने लंगोट घट्ट बांधायला आणि मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सांगितलं. अख्ख्या संघाचं हेच शास्त्र: लाथ बसली की गाठ येते, शेकली की उतरते. कित्येक महिने हा उद्योग चालला. आईला पत्ता नाही, मला पत्ता नाही, कारण बायकांना सांगायची ती गोष्टच नव्हती म्हणे. हे ‘म्हणे’ लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. शेवटी शेकताना तो चांगलाच पोळला, तेव्हा मला कळलं आणि मी त्याला दंडाला धरून बाईंकडे नेला.

टॉर्चचा उजेड पार गेला नाही. गाठ दगडासारखी टणक होती आणि अजिबात दुखत नव्हती. लाथेमुळे झालीय, असं मंगेश पुन्हा पुन्हा सांगत होता.

“लाथ बसली म्हणून गाठ झाली नाही रे,” बाई म्हणाल्या. “लाथ बसली म्हणून तू हात लावलास आणि गाठ सापडली. ती आधीपासून होती.”

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. कॅन्सरच निघण्याची दाट शक्यता होती आणि ते वृषण काढावं लागणार होतं. हे कळताच आमचे मामा दवाखान्यात येऊन बसले. “बाई, पोराचा लगीन ठरलाहा. ता झाला की बघू.” बातमी फुटली तर मुलीकडचे नकार देतील आणि पोरगा जन्मभर अर्धा पुरुष ठरेल, ही त्यांची भीती. मला भयंकर संताप आला.

“लग्नाला नवरा जिवंत लागतो की नाही?” बाईंनी विचारलं. एक काढलं तरी दुसरं काम करतं, पुढे मूलही होऊ शकतं, हे त्यांनी मामांना पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. मामा हलेनात. तेव्हा त्या मंगेशकडे वळल्या. “शरीर कोणाचं आहे? मग तू बोल.”

मंगेश ऑपरेशनला हो म्हणाला. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण तो बरा झाला. लग्नही झालं, थोडं उशिरा.

पुढे बाईंनी अंथरूण धरलं. मंगेशला मुलगी झाल्याचं सांगायला मी गेले. त्या हसल्या, आणि लगेच विचारलं, संघातल्या पोरांना त्याने सांगितलं का? मी खरं ते सांगून टाकलं. तो सगळ्यांना हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगतो.

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. “म्हणजे ती पोरं अजून शेकतायत.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी मंगेशला फोनवर विचारलं, लिहू का. नाव बदल, म्हणाला. मी त्याला बाईंचं ते वाक्य सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला.

“ताई, नाव राहू दे. आणि नुसती गाठ म्हणू नकोस. उजव्या वृषणात होती, असं लिही.”