सुटं पान

लग्नपत्रिकेच्या घडीत घराण्याची सगळी अदब सामावलेली असते. हे वाक्य चिंचवडच्या पत्रिकावाल्याचं. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकालाही त्यानं तेच ऐकवलं होतं. माझा अनुभव असा की पत्रिका हातात पडली की माणूस आधी जेवणाची वेळ शोधतो.

तरी मी नमुने घरी आणले. लेकीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं, वाकडचं कार्यालय ठरलं होतं. एक पत्रिका मधोमध दुमडलेली, एक तिहेरी, एक देवळाच्या दारासारखी दोन्हीकडे उघडणारी. बायकोला दाराची आवडली.

"पाहुण्यांना आत आल्यासारखं वाटेल," ती म्हणाली.

"मग 'चपला बाहेर काढाव्यात' हेही छापू या," मी म्हटलं.

घडीबद्दल आम्ही इतकं बोललो, कारण दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नव्हतं. पत्रिकेत नवरीच्या आजोबांचं नाव असतं, आणि माझे वडील निगडीच्या एका दवाखान्यात होते. डॉक्टरांनी 'सुधारणा' हा शब्द वापरणं सोडलं होतं. नावाआधी 'श्री.' छापायचं, पण पत्रिका वाटून होईपर्यंत ते खरं राहील का, हे घरात कुणी विचारलं नाही.

रविवारी मी नमुने दवाखान्यात नेले, तेवढाच त्यांना विरंगुळा म्हणून. वडील उभा जन्म कंपनीत क्वालिटीला होते. हातात आलेली वस्तू नाकारणं हीच त्यांची नोकरी. उशीला टेकून त्यांनी एकेक घडी अंगठ्यानं दाबून पाहिली. दाराच्या पत्रिकेच्या दोन बाजू नीट जुळत नव्हत्या. ती लगेच रिजेक्ट झाली.

मग त्यांनी माझ्याकडून चुकून आलेली एक पत्रिका उचलली. बाहेर जाड कागदाचं एकेरी घडीचं आवरण, आत मजकुराचं पान नुसतं सरकवलेलं.

"ही घे."

"अगदीच साधी आहे, बाबा."

"आतलं पान सुटं आहे ना? बदलायची वेळ आली तर तेवढंच बदलता येतं." थोडा दम खाऊन ते म्हणाले, "पोरीला कारण सांगू नकोस. आजोबांना रंग आवडला म्हण."

"रंग भयाण आहे."

"मग म्हाताऱ्याला अक्कल नाही म्हण."

मी पत्रिका पिशवीत भरल्या. पाणी हवंय का, विचारलं. नको म्हणाले.

लेकीला मी रंगाचं सांगितलं. तिनं आतलं पान बाहेर ओढलं, परत सरकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे."

पत्रिका छापून आल्या त्याच आठवड्यात वडील गेले. व्याह्यांनी आपणहून लग्न दोन महिने पुढे घेतलं. तेरावं झाल्यावर मी पत्रिकावाल्याकडे गेलो आणि आतलं पान तेवढं नव्यानं छापायला सांगितलं: 'श्री.'च्या जागी 'कै.', आणि नवी तारीख.

त्यानं गठ्ठ्यातली एक पत्रिका काढून माझ्यासमोर ठेवली. जुनी तारीख बाहेरच्या आवरणावर होती, सोनेरी अक्षरांत, ठसा उठवून.