भरून घेतलेलं माप

वडिलांच्या हृदयाची झडप गळकी झाली होती. पाय सुजायचे, जिना चढताना दम लागायचा. मुंबईचे सर्जन म्हणाले, झडप बदलता येईल, पण खालचा कप्पा फार ताणला गेला नसेल तरच. म्हणजे सगळं त्या कप्प्यात किती रक्त मावतं यावर येऊन ठेपलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या नाशिकच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून पट्टीने हृदयाची रुंदी मोजली आणि नकारार्थी मान हलवली. मुंबईत नव्याने आलेल्या इको मशीनचा आकडा काठावरचा निघाला. मी कॉलेजात गणित शिकवायचे, म्हणून घरात सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी तिथल्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, मशीन एकच आडवी रेघ मोजतं आणि कप्पा अंड्यासारखा आहे असं धरून पुढचं गणित करतं. सुजलेला कप्पा तसा राहत नाही. आकडा चुकू शकतो हे ऐकून मला केवढा आनंद झाला! चूक आपल्याच बाजूची असणार, खरा कप्पा लहानच निघणार, असं मी धरून चालले.

वडिलांना हे पटेना. आमचा धंदा तांब्याचे बंब घडवायचा. गिऱ्हाइकासमोर घागरीने भरून दाखवल्याशिवाय त्यांनी एकही बंब विकला नव्हता. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "आत भरून मोजता येत नाही का?"

येत होतं. मांडीतून नळी घालून कप्प्यात एक्स-रेवर दिसणारं औषध सोडायचं आणि फिल्म काढायची. थकलेल्या हृदयाला ते झेपेल का, म्हणून डॉक्टर टाळत होते. वडील हट्टाला पेटले.

झेपलं. आकडा मात्र सगळ्यांत मोठा आला, आणि सर्जननी ऑपरेशनला नकार दिला.

मी तणतणले. फिल्मवरूनही शेवटी आकार गृहीतच धरतात, या पद्धतीत आकडा मोठाच येतो, दुसऱ्या सर्जनना नुसता इको दाखवू, असं जीव तोडून सांगितलं. डॉक्टरांनीही ते खोडून काढलं नाही. वडील शर्टाची बटणं लावत होते.

"भरून बघितलं ना? मग पुरे," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत ते शांत झोपले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

पुढे आईने हात जोडले तरी ते कुठल्याच डॉक्टरांकडे आले नाहीत. संध्याकाळी तिला समोर बसवून, पुढे बँकेत तिला लागेल ती सही गिरवायला लावायचे. ती रडत रडत सही करायची, आणि ती एकसारखी येत नाही म्हणून ते रागवायचे.