पुजलेले इंजिन

जुने इंजिन सरकारने हिरावून नेले, अशी कथा बीडमध्ये अजून सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या संध्याकाळी बिजलीघरात नव्हता. मी होतो. थोरले बंधू तेथे मिस्त्री होते आणि मी त्यांच्या हाताखाली.

निजाम सरकारने नवे इंजिन पाठवले, तेव्हा सोबतचा हुकूम स्पष्ट होता. नवे वर्षभर नीट चालेपर्यंत जुने मोडीत काढायचे नाही; केव्हाही सुरू होईल असे सज्ज ठेवायचे. ऐन गरजेला चालले नाही, तर मात्र ते निकामी समजले जाईल. यात अन्याय कोणता, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

खंडेनवमीला आम्ही दोन्ही इंजिने पुजली. पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. नव्याला दिवाबत्तीसाठी चालणे भागच होते, म्हणून विश्रांतीचा मान जुन्याला दिला. मुळात ते कशासाठी राखून ठेवले आहे, हा विचार आम्हांला शिवलाही नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला नवे बंद पडले. बिजली खात्याचे मोहतमीम, म्हणजे मुख्य अधिकारी, तपासणीसाठी हैदराबादहून येऊन डाक बंगल्यात उतरले होते. दिवे जाताच ते चालतच आले.

"जुनं चालू करा, मिस्त्री."

"हुजूर, आज न्हाई. पुजल्यालं हाय. उद्या सोनं लुटलं की लावतो."

"अंधेरा तुमची तिथी बघून येतो काय?"

दारातल्या गर्दीतून कोणी ओरडले, "का रं मिस्त्री, देवाला झोप लागली का?" लोक हसले.

मोहतमीम हसले नाहीत. त्यांनी उंबऱ्याबाहेर जोडे काढले. "फुलं तुम्हीच उतरवा. हात जोडा, माफी मागा. मी बाहेर थांबतो. पण चालू करा, नाहीतर मला खरं ते लिहावं लागेल."

त्यांनी आमच्या देवाचा अपमान केला म्हणणाऱ्यांनी ते अनवाणी पाय पाहायला हवे होते. बंधू हलले नाहीत. मीही पुढे झालो नाही.

इतक्यात सरकारी दवाखान्याचा शिपाई धावत आला. "डागदर कंदील मागत्यात. टाके अर्धेच पडल्यात."

बिजलीघराच्या खुंटीवरचा कंदील मीच काढून त्याच्या हातात दिला. मोहतमीमांनी जोडे घातले आणि खरे ते लिहायला डाक बंगल्याकडे वळले.

पुढे निकामी ठरलेले जुने इंजिन सरकारी माणसांनी बैलगाडीवर चढवले, तेव्हा आम्ही कोणीही आडवे गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?