अक्कांनी नेलेल्या सावल्या

अक्का अपमान विसरत नसत. असं आपण सगळेच म्हणतो, पण दोन-चार वर्षांत आपला राग निवतो आणि लग्नकार्यात आपण एकमेकांना आग्रह करायला लागतो. अक्कांचा निवत नसे. एकदा त्यांची नणंद बोलून गेली, की वहिनीच्या भरताला वासच नसतो. त्यानंतर दर हिवाळ्यात शेतावर भरताची पंगत बसली की अक्का कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत, सगळ्यांना आग्रहाने वाढत, आणि नणंदेच्या पानापाशी आल्या की पातेलं उचलून सरळ पुढे जात. "तिला वास येत नाही," एवढंच म्हणत. मी त्या पंगतीला एकदा होते आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या एका छापखान्यात आम्ही दोघी माडीवर शेजारी बसायचो. मी मराठी मजकूर टाइप करायची आणि अक्का गाड्यांच्या फोटोंना सावल्या घालायच्या. ट्रॉलीचा, टँकरचा फोटो कारखान्याच्या आवारात निघतो. मागे कोंबड्या, पत्रे, कुणाचा वाळत घातलेला पायजमा. कॅटलॉगसाठी ते सगळं कापून टाकायचं. मग गाडी पांढऱ्या कागदावर अधांतरी लोंबते. तिला खाली टेकवायची ती सावलीने. धुळ्याच्या स्टुडिओत अक्कांनी हेच काम वीस वर्षं ब्रशने केलं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या.

"अक्का, तुमच्या हातात ब्रशच शोभतो. हा खेळ पोरांचा," असं आमचे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. तीन महिन्यांत अक्का सॉफ्टवेअर शिकल्या. मग रोज एकदा शेठना हाक मारायच्या, "शेठ, हा बाण जरा त्या टायरवर नेऊन दाखवता का?" शेठचा बाण पडद्याच्या कडेला जाऊन दडी मारायचा. अक्का तो परत आणून देत आणि "राहू द्या, जमेल हळूहळू," म्हणत. शेवटी शेठ माडीवर येईनासे झाले.

"आधी ऊन कुठलं ते बघ, मग सावलीला हात लाव," हे त्यांचं मला रोजचं सांगणं. टँकरच्या पत्र्यावर चमक डावीकडून असेल तर सावली उजवीकडे पडणार. टायर जमिनीला लागतं तिथे ती काजळासारखी हवी, गाडीच्या पोटाखाली थोडी फिकी, आणि बाहेर जाताना कडा विरत गेलेल्या. तिन्ही त्या वेगवेगळ्या लेअरवर काढत, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नसे. शनिवारी धुळ्याला घरी जाताना पारोळ्याला एसटी थांबली की लोक चहाला उतरत. अक्का खिडकीतून उभ्या ट्रकांच्या खाली बघत बसत. हे सगळं त्यांनी मला हातचं काही न राखता शिकवलं. डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरीही निम्मी माझीच असायची.

धुळ्याच्या एका ट्रॉली कारखानदारांचं मोठं कॅटलॉग आमच्याकडे आलं. त्यांना सगळे आबा म्हणत. शेवटच्या पानावर अक्कांचं नाव छापायचं आणि पुढे कॉम्प्युटर विभाग त्यांच्याकडे द्यायचा, असं शेठनी कबूल केलं. वीस वर्षांत अक्कांचं नाव कशावर छापलं गेलं नव्हतं. त्या नावासाठी त्या चार महिने राबल्या. आबा प्रुफं बघायला आले आणि एका टँकरवर बोट ठेवून म्हणाले, "हा तर उचलून न्यावा असा वाटतो. कोणी केलं?"

"माझ्या भाच्यानं," शेठ म्हणाले. "पुण्याहून शिकून आलाय." भाचा येऊन आठवडा झाला होता.

अक्का उभ्या राहिल्या. "हे मी केलंय," त्या म्हणाल्या. शेठ हसले. "अक्का मदतीला होत्या." मग आबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई, तुम्ही इथंच बसता. खरं काय?" माझी नोकरी जेमतेम वर्षाची होती. मी कीबोर्डकडे बघत म्हणाले, "शेठ म्हणतात तसंच."

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या नाहीत. आम्ही फाइली उघडल्या. सगळ्या ट्रॉल्या, सगळे टँकर जागच्या जागी होते. सावली एकाखालीही नव्हती. शेठनी धुळ्याला फोन लावला. राग आला की अक्का अहिराणीवर येत. त्या म्हणाल्या, "गाड्या तुमन्या. सावल्या मन्या." आणि फोन ठेवला.

भाच्याने सॉफ्टवेअरमधली तयार सावली काढली आणि एका दमात सगळ्या गाड्यांना लावून टाकली. प्रत्येक गाडीच्या मागे उजवीकडे एकसारखी करडी पट्टी, भिंतीवरच्या तसबिरीमागे पडते तशी. कॅटलॉग तसंच छापलं गेलं आणि जळगावच्या शेतकी प्रदर्शनात वाटलं गेलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि आबांनाच विचारलं, "हाई ट्रॉली भितले टांगेल शे का, भो?" मग जो तो तेच विचारू लागला. आबांनी सगळे गठ्ठे परत पाठवले. ते उतरवून घेताना शेठचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, आणि मी ते पोटभर पाहून घेतलं.

शेठ अक्कांना विनवायला धुळ्याला गेले. माझ्याकडे पाहून त्या विरघळतील म्हणून मलाही बरोबर नेलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि पायात चपला घातल्या. "आबांच्या कारखान्यात चला. तिथं सांगा."

कारखान्यात कामगारांसमोर शेठ पुटपुटले, "काम अक्कांचं होतं. मी खोटं बोललो."

"मोठ्यानं सांगा," अक्का म्हणाल्या. "वेल्डिंग चालू आहे, लोकांना ऐकू येत नाही."

शेठनी ओरडून सांगितलं. तेवढ्यात आबांनी वेल्डिंग बंद करायला लावलं, म्हणून शेठना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं तिसऱ्यांदा सांगावं लागलं. मला धीर आला. मीही म्हणाले, "आबा, मला माहीत होतं, सगळं अक्कांनीच..." अक्कांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "तुला कोणी विचारलं नाही."

त्या दहा दिवस जळगावला आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि एकेका चाकाखाली पुन्हा सावली घातली. भाचा पुण्याला परत गेला. अक्कांचं नाव छापलं, तेही पहिल्या पानावर. त्या दहा दिवसांत त्या शेठशी हवापाण्याच्या गप्पा मारत, त्यांना चहा द्यायला सांगत. माझ्याशी एक शब्द नाही. डबा एकट्याच खात. शेवटच्या दिवशी न राहवून मी विचारलं, "अक्का, शेठशी बोलता, मग माझ्याशी का नाही?"

"तो ते परका व्हता," त्या म्हणाल्या. "तू मना जोडे बठेल व्हती." जोडे म्हणजे शेजारी, लागून.

मी माफी मागितली. रडलेही. त्यांनी पिशवी भरता भरता ऐकून घेतलं. "मांगी लिधी ना? आते जाय."

पुढे त्यांनी धुळ्यात स्वतःचं कॉम्प्युटर सेंटर काढलं. खानदेशातल्या निम्म्या ट्रॉल्यांना त्यांनीच जमिनीवर आणलं असेल. मी दर दिवाळीला पत्र टाकायची. उत्तर कधी आलं नाही. तरी मला वाटायचं, वय झालं की निवतील. सावल्यांचं काम मी अजूनही त्यांच्याच पद्धतीने करते, आणि कोणी केलं असं विचारलं तर ज्याने केलं त्याचं नाव सांगते. एकदा त्यापायी नोकरीही गेली.

परवा जळगावच्या बाजारात त्यांची सून भेटली. अक्कांना जाऊन वर्ष झालं, म्हणाली. मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. मला कसं कोणी कळवलं नाही, असं विचारलं तेव्हा ती बिचारी ओशाळली. दवाखान्यात असताना अक्कांनी स्वतःच नावं सांगितली होती, कोणाला कळवायचं आणि कोणाला नाही ते.

शेठना कळवलं होतं. ते दहाव्याला येऊन जेवूनही गेले.