बांधापलीकडची घुंगरमाळ

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि दादाला — दादाला कळू नये म्हणून तर एवढी वर्षं त्याच्यासमोर तोंड सांभाळून बसतो. तुम्ही ना माझ्या गावचे, ना भावकीतले. म्हणून तुम्हाला सांगतो. आत्ताच का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

पाटोद्याच्या पुढे, माळाच्या कडेला माझं कृषी पर्यटन केंद्र आहे. नाव मोठं, काम साधं. थंडीत हुरडा पार्टी — शहरातली माणसं येतात, आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं खातात, बैलगाडीत बसून फोटो काढतात, जाताना गूळ घेऊन जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांसाठी 'मामाचं गाव'. माझ्या बांधाला लागूनच दिगूदादाचं केंद्र. दादा माझा चुलतभाऊ, वयानं मोठा. हा धंदा गावात त्यानं आणला, मी त्याचं बघून सुरू केला. पाहुणे आधी त्याच्याकडं वळायचे. तिथं जागा उरली नाही की मग माझ्याकडं. बांध एकच असला की सगळं दिसतं. दिसलं की दुखतं.

मग तो रोग आला आणि सगळं बंद झालं. मामाच्या गावाला येणाऱ्या पोरांचे आईबाप एकेक करून फोन करू लागले — यंदा नको. तंबू उंदरांनी कुरतडले. पोहायच्या विहिरीवर पाचोळ्याची साय धरली. मी आपला झोपाळ्यांना रंग दे, आगटीचे दगड पुन्हा रच, पाहुण्यांना दाखवायला पाळलेल्या गायींचं दूध गावात घाल, असं काहीबाही करत राहिलो. दादा सकाळी चहाची किटली घेऊन बांधावर यायचा. म्हणायचा, "दम धर बे. मानसं काय हुरडा खायची इसरनार हायेत का?" त्याच्या बोलण्यानं धीर यायचा. रागही यायचा. त्याला कसा एवढा धीर?

उन्हं तापली तशी एक दिवस त्यानं फाटकाला हिरवी जाळी बांधली. उंच, आतलं काही दिसू नये अशी. आता तुम्हीच सांगा, बंद केंद्राला जाळी कशाला? दादाचा चहा बंद झाला. विचारलं तर म्हणाला, "कामं हायेत थोडी." कसली कामं? गिरणीत कळलं, त्यानं ज्वारीचं अख्खं पोतं दळून नेलं. घरात खाणारी तोंडं किती, आणि पीठ किती? दिवस मावळताना त्याच्या आगटीकडून धूर निघायचा. हुरडा कधीच सरलेला. मग धूर कशाचा?

आणि मग ती घुंगरमाळ. सांजच्याला, आम्ही पाहुण्यांना बैलगाडीतून फिरवायचो त्याच वेळेला, बांधापलीकडून घुंगरं वाजली. मागून बायकांचं बोलणं, पोरांचा कालवा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादानं चोरून पाहुणे उतरवलेत! पुण्याची असतील, मोठी माणसं असतील, घरात कोंडून कंटाळली असतील. मी इकडं झोपाळे रंगवतोय आणि हा तिकडं धंदा करतोय.

बायकोला म्हणालो तर ती म्हणाली, "तुमाला काय करायचंय? आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून." तिचं खरं होतं. पण संशय एकदा घरात शिरला की त्याला पाट मांडून जेवायला वाढावंच लागतं. मला झोप लागेना. जेवताना घुंगरं, आंघोळ करताना घुंगरं. दादा मला डावलतो, मला हसतो, माझं केंद्र बुडायची वाट बघतो — काय काय मनात आणलं मी!

शेवटी मी तालुक्याला फोन केला. नाव सांगितलं नाही. बंदी असताना एका केंद्रावर बाहेरचे पाहुणे उतरवलेत, एवढंच सांगितलं.

कुणी विचारलंच तर सांगायला मी ही गोष्ट इथपर्यंत तयार ठेवली होती. संशय आला, गावाची काळजी वाटली, गैरसमज झाला. माणूस चुकतोच की! एवढं सांगितलं असतं तर लोकांनी माफही केलं असतं. भाऊबंदकीत याहून वाईट होतं.

पण ते खरं नाही.

मी शेतकऱ्याचा पोरगा. सफरीचे बैल खाऊन-पिऊन टुणटुणीत असतात, हलकी गाडी घेऊन दुडकत निघतात, त्यांची घुंगरं खळखळ वाजतात. पलीकडून येणारा आवाज तसा नव्हता. एक पाऊल, मग थांबणं, मग पुन्हा एक पाऊल. लांबून चालून आलेल्या, थकलेल्या बैलांचा आवाज तो. हे मला पहिल्या सांजेलाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी ते कळू दिलं नाही, असं म्हणतो.

फोन केला त्या दिवशी सकाळीच मी बांध ओलांडून जाळीपाशी गेलो होतो. जाळी एका कोपऱ्यात सुटली होती. आत पाहुणे नव्हते. तंबूंच्या मधे ऊसतोडीच्या गाड्या उभ्या होत्या, खाली चिंध्यांच्या झोळ्या, झोळ्यांत पोरं. आगटीत तीन दगडांवर भाकरी चाललेली. आणि फोटो काढायला दादानं उभारलेल्या फुलांच्या कमानीखाली बसून एक बाई केस विंचरत होती. मंगल. पलीकडच्या तांड्याच्या वाटेवर राहते. दर पावसाळ्यात माझ्या रानात खुरपायला येते, दसरा झाला की नवऱ्याबरोबर, अंकुशबरोबर, ऊस तोडायला जाते. कारखाने बंद पडले तशी ती माणसं एकेक-दोनदोन गाड्यांनी परत निघाली होती.

तिनं मला बघितलं. पदर तोंडावर ओढून लांब उभी राहिली.

"मालक, गावाच्या शिवंवर काट्या टाकल्यात. आमाला आत घेईनात. दादानं ठिवून घेतलं," ती म्हणाली. "कुनाला सांगू नका. कुनाला ताप न्हाई, खोकला न्हाई. आमी धा-पंधरा दिस हितंच ऱ्हातो आन् जातो."

"न्हाई सांगत," मी म्हणालो.

आणि दुपारी फोन केला. पुण्याचे पाहुणे आहेत म्हणालो. पाहुणे! ऊसतोड्यांसाठी कुणी लगबगीनं धावलं नसतं, पाहुण्यांसाठी धावलं असतं. हे मी नीट विचार करून बोललो होतो.

का केलं? रोगाची भीती होती, हे खरं. हे केंद्र उद्या उघडलं आणि लोकांना कळलं की शेजारी आजारी माणसं ठेवली होती, तर माझ्याकडं हुरडा खायला कोण येईल — ही भीती त्याहून मोठी. आणि सगळ्यांच्या खाली, तळाशी, आणखी एक होतं. रोग सरल्यावर गाव म्हणालं असतं, दिगूनं माणसं जगवली. पाहुणेही त्याचे, पुण्यही त्याचंच. ते मला सहन होणार नव्हतं.

दिवस मावळायच्या आत पोलिसांची गाडी आली. मागोमाग गाव आलं. पाहुणे नाहीत हे दिसल्यावर लोक आणखीच चवताळले — रोग आणलाय, हाकला यांना! परवानगी नसताना माणसं ठेवली म्हणून दादाच्या केंद्राला टाळं लागलं. मंगलच्या लोकांना शिवेबाहेर माळावर पाठवलं. मी गर्दीत उभा होतो. तोंडाला रुमाल बांधलेला होता, बरंच झालं. बैलगाडीत बसता बसता मंगलनं वळून बघितलं. कुणाला शोधत होती, ते मला माहीत होतं.

माळावर ना सावली, ना पाणी. मंगलच्या जोडीतला एक बैल उन्हात बसला तो उठलाच नाही. जोडी फुटली, दुसरा विकावा लागला. आधी अंकुश आणि मंगल गाडीवर जायचे. ऊस बैल ओढायचे. आता मुकादम त्यांना डोकी सेंटरला घालतो. म्हणजे मोळी डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चालत ट्रकमध्ये चढवायची. मंगलच्या मानेला गाठ आलीय. खुरपताना ती मान एका बाजूला कलती ठेवते.

आणि दादा? टाळं निघालं, पण त्यानं केंद्र पुन्हा उघडलं नाही. टाळं लागलं त्या रात्री तो माझ्याकडंच आला होता. "तुला सांगनार होतो बे," म्हणाला, "पर तुज्या घरी म्हातारी माय. तुला कावून गोत्यात आनावं?" मग विचारलं, "कुनी केला असंल रे फोन?" मी म्हणालो, गावातलंच कुणीतरी. तेवढं पुरलं. दादा सरपंचाला टाळू लागला, गिरणीवाल्याशी बोलेना, मेव्हण्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं. ज्याला त्याला तोलून बघतो. लग्नात एका कोपऱ्यात बसून माणसांची तोंडं वाचत राहतो. माझ्या डोक्यातला संशय मी त्याच्या डोक्यात घातला आणि माझं डोकं मोकळं केलं. आता गावात त्याचा एकाच माणसावर विश्वास आहे. माझ्यावर. चहाची किटली पुन्हा रोज बांधावर येते. त्याचे पाहुणेही आता माझ्याकडंच येतात, धंदा चांगला चाललाय.

गेल्या श्रावणातली गोष्ट. बायका सोयाबीन खुरपत होत्या, आम्ही दोघं बांधावर चहा घेत होतो. मंगल पुढच्याच ओळीत होती. दादानं अचानक विचारलं, "मंगल, खरं सांग. त्या टायमाला तू कुनाला बोलली होतीस का, की तुमी माज्याकडं हायेत?"

मी कपातल्या चहावर फुंकर मारली.

मंगलचं खुरपं थांबलं नाही. "न्हाई दादा," ती म्हणाली. "कुनालाच न्हाई."

दादानं मान हलवली, उरलेला चहा ओतला आणि किटली घेऊन घराकडं गेला. तो लिंबाच्या झाडापलीकडं गेल्यावर मंगलनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"मालक," तिनं विचारलं, "उद्या येऊ ना खुरपायला?"

"ये," मी म्हणालो.