भागीरथाबाई आणि लंकेच्या पोरीची खोली

बोरगाव मेघेत भागीरथाबाईला ओळखत नाही असं कुत्रंही नव्हतं. कुत्र्याचं नाव अशासाठी, की साऱ्या वस्तीच्या फाटकांच्या कड्या तिनं वाजवलेल्या होत्या. कोणत्या घरचं कुत्रं चावतं आणि कोणतं नुसतंच भुंकतं, हे तिला पक्कं माहीत होतं. माणसांचंही तसंच माहीत होतं.

तिचा धंदा सोयरिकी जुळवण्याचा. नवरा पुलगावच्या मिलमध्ये होता तेव्हापासून लागलेलं ते वेड. देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट एवढ्या टापूत तिनं शंभरावर लग्नं लावून दिली, त्यातलं एकही मोडलं नाही. भांडणं होती घरोघरी, पण भांडण म्हणजे काही मोडणं नव्हे. तिचा नेम एकच, खोटं बोलायचं नाही. पोरगी तिरळी असली तर डोळे टपोरे आहेत असं कधी सांगायची नाही. म्हणायची, "डोळ्यात थोडा फरक हाये, पण नजर घरावर राह्यते." एकदा शब्द खोटा निघाला की त्या घरचा उंबरठा बंद, आणि तिच्या नावावर उंबरठ्यांशिवाय दुसरं शेत नव्हतं.

नव्वद साल उलटलं आणि या शेताला कीड लागली. लोक पोरीची माहिती कागदावर छापून झेरॉक्सी वाटू लागले. मेळावे भरू लागले, पोरं माईकवर उभी राहून आपला पगार आपणच सांगू लागली. भागीरथाबाई असल्या एका मेळाव्याला जाऊन आली आणि म्हणाली, "बैलबाजार बरा. तिथं दात तं पाह्यतात."

त्याच सुमाराला वर्ध्याच्या चहूकडे कॉलेजं उगवली आणि खेड्यापाड्यातली पोरंपोरी खोल्या शोधत फिरू लागली. भागीरथाबाईनं दोनचार जणींना खोल्या पाहून दिल्या, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की घरमालकीण आणि वरमाय एकच प्रश्न विचारतात. बाप काय करतो? खाणंपिणं काय? घरी किती वाजता येते? तोंडाळ तर नाही ना? मग काय, दुकान तेच राहिलं, गिऱ्हाईक बदललं. एका खोलीत राहणाऱ्या दोघींचेसुद्धा ती गुण जुळवून पाहायची. घोरणारीला गाढ झोपेची गाठून द्यायची, रडकीला हसरी. फरक ठेवला तो फक्त लुगड्याचा. खोली दाखवायला साधं सुती लुगडं. जरीकाठाचं हिरवं नेसली की समजायचं, आज कुठंतरी पोरगी दाखवणं आहे.

दोन हजार चार साली पोळा झाल्यावर समुद्रपूरची वर्षाली तिच्याकडे आली. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात शिकत होती, रोज एसटीनं यायची-जायची आणि पार वैतागली होती. बरोबर एक सावळी, मोठ्या डोळ्यांची पोरगी.

"आजी, मले पार्टनर भेटली. फक्त खोली पाह्यजे."

"कोणत्या गावची व तू?" भागीरथाबाईनं विचारलं.

पोरगी हात जोडून म्हणाली, "माताजी, मेरा नाम दिलिनी है. मैं श्रीलंका से हिंदी का अध्ययन करने आई हूँ."

"हे हिंदी बोलून राह्यली का मंत्र म्हणून राह्यली?"

वर्षालीनं सगळं समजावून सांगितलं. मुलींच्या वसतिगृहात जागा उरली नव्हती, दिलिनी स्टेशनाजवळच्या लॉजवर दिवस काढत होती. परदेशी माणसानं आल्यापासून चौदा दिवसांत पोलीस कचेरीत राहण्याचा पत्ता द्यायचा, त्या कागदावर घरमालकाची सही पाहिजे. पत्ता नाही तर कागद अडणार, कागद अडले की शिक्षण अडणार. नऊ दिवस होऊन गेले होते.

"पाच दिवसांत मी लग्नं उरकली हाये," भागीरथाबाई म्हणाली. "खोली काय चीज हाये? माहा शब्द."

शब्द देऊन बसली आणि तिथून तिची वरात निघाली. पहिल्या घरी मालकानं विचारलं, खाणं काय? दिलिनी खरं बोलणारी. म्हणाली, "मैं मत्स्य का सेवन करती हूँ." मालकाला सेवन कळलं नाही, पण मत्स्य म्हणजे देवाचा अवतार एवढं त्याला माहीत होतं. देवालाच खाते म्हटल्यावर तो उठून आत गेला. दुसऱ्या घरी सगळं जुळलं, चहासुद्धा झाला, आणि मग सहीचा कागद निघाला. "पोलिसाच्या कागदावर सही? माह्या बापानंबी केली नाई," म्हणत त्या घरमालकानं कपबशा उचलल्या. तिसरा प्रेमदास दुकानवाला. त्याला लंकाच खटकली.

"रावणाच्या गावची पोट्टी घरात ठेवू काय, बाई?"

"काऊन? रावणानं आपली सीतामाय ठेवली, तवा अशोकवनाचं डिपाझिट मांगलं होतं काय?"

"अवो, त्यानं पळवून नेलती!"

"नेली ना. पण जागा तं देली. तू तेवढंबी नाई करून राह्यला!"

भांडण भागीरथाबाईनं जिंकलं, खोली नाही मिळाली.

असं करता करता तेरावा दिवस उजाडला. रविवार होता. सोमवारी कागद गेलाच पाहिजे. राहिलं होतं किसनरावांचं घर. किसनराव एसटीत कंट्रोलर होते, आता पेन्शनीत. गच्चीवर नवी खोली बांधलेली, जिना बाहेरून, नळ वेगळा. पण त्यांची बायको रुख्मिणी मोठी चिकित्सक. आजवर तिनं त्या खोलीत कांद्याशिवाय कोणाला राहू दिलं नव्हतं.

भागीरथाबाईनं विचार केला. तीन घरं सुती लुगड्यात गेली, आज जरा मान राखून जावं. तिनं ट्रंकेतलं हिरवं काढलं. दिलिनीलाही म्हणाली, "तो घागरा सोड, लुगडं नेस." दिलिनी तिच्या देशाच्या रीतीनं साडी नेसून आली, कमरेला झालर सोडलेली. भागीरथाबाईनं झालरीकडे दोनदा पाहिलं आणि पुढं निघाली. वर्षाली ओढणी सावरत मागून चालली.

रविवारी चार वाजता हिरव्या लुगड्यातली भागीरथाबाई, सोबत साडीतली पोरगी. शेजारच्या कमलाबाईनं हे कुंपणाच्या भिंतीवरून पाहिलं आणि निवडायला तांदळाचं सूप बाहेर आणलं. रुख्मिणीनं खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातलं पातेलं निसटलं.

तिचा पोरगा नीलेश पतसंस्थेत होता, वय एकतीस. दोन वर्षं रुख्मिणी भागीरथाबाईच्या मागे लागली होती. पितृपंधरवडा लागायच्या आत बाई पोरगी घेऊन आली म्हणायची!

"या मावशी, या! आधी कळवाचं तं होतं. घर कसं पडलं हाये."

घर असं पडलं होतं की सतरंजीवर सुरकुती दिसत नव्हती. दहा मिनिटांत पोहे आले, वर काजू. भागीरथाबाईला बरं वाटलं. खोलीसाठी एवढा मान आजवर कोणी दिला नव्हता.

"नाव काय बेटा?"

"दिलिनी."

"हे लंकेची हाये," भागीरथाबाईनं आधीच सांगून टाकलं. नेम तो नेम. "आन मासे खाते."

रुख्मिणीनं एक मोठा श्वास घेतला. "लंका तं लंका. इथं नागपूरची पोरगी वर्ध्यात याले तयार नाई. मासे काय, खाइन बापडी. घरातबी एक जण बाहेर जाऊन खातेच."

भागीरथाबाई चाट पडली. बाईचा स्वभाव कधी पालटला?

"पिताजी क्या करते है?" किसनराव विचारू लागले.

"नारियल के व्यापारी हैं. दो छोटे भाई हैं."

"लेटमार्क तो नहीं ना? मतलब घर टायमावर आती क्या?"

"संध्या से पूर्व लौट आती हूँ."

"खाना पकाती क्या?" रुख्मिणीनं विचारलं.

"जी. अपने लिए भी, औरों के लिए भी."

रुख्मिणीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं मान हलवली. भागीरथाबाई मनात म्हणाली, आता वर जाऊन खोली पाहिली की झालं. तेवढ्यात आतून नीलेश आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्याला पावडर, मान खाली. आईनं दाखवलेल्या खुर्चीवर, बरोबर दिलिनीच्या समोर, तो बसला.

भागीरथाबाईनं त्या खुर्चीकडे पाहिलं. शंभर घरांत ती असल्या खुर्चीच्या बाजूला बसलेली होती. खोली दाखवायला पोराला पावडर कोण लावतं? तिनं आपल्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं, खिडकीतून भिंतीवर डोकावणाऱ्या कमलाबाईकडे पाहिलं, आणि पदराचा जरीकाठ मुठीत लपवला. शेजारी वर्षालीनं केव्हाच ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

आता बोलावं तर खोली गेली. उद्या चौदावा दिवस, पोरीचे कागद अडणार. न बोलावं तर शंभर सोयरिकींत न बोललेलं खोटं आज गप्प बसूनच बोललं जाणार. एक मिनिट, फक्त एक मिनिट, भागीरथाबाई पोहे चावत राहिली. तिच्या आयुष्यातले सगळ्यात कोरडे पोहे.

तेवढ्यात रुख्मिणी आतून ताट घेऊन आली. कुंकू, खण आणि नारळ. पोरीची ओटी भरली की अर्धी सोयरीक झाली. ती दिलिनीजवळ वाकून मायेनं म्हणाली, "हमारे घर में खुशी से रहेगी ना, बेटा?"

"अवश्य, माताजी. एक वर्ष रहूँगी."

"एक वर्ष?"

"फिर मेरे स्थान पर कोई दूसरी आ जाएगी." दिलिनीनं हसून वर्षालीकडे हात केला. "अभी यह भी मेरे साथ रहेगी. हम दोनों."

नीलेशनं पहिल्यांदा मान वर केली. किसनराव म्हणाले, "डबल?"

रुख्मिणीला वाटलं, लंकेकडची काही थट्टा असेल. तिनं नारळ उचलला. भागीरथाबाईनं तिचं मनगट धरलं.

"ठेव तो नारळ, रुख्मिणी. पोरगी वरची खोली पाह्याले आली हाये. किरायानं. चूक माही. हिरवं नेसाले नोको होतं. आन समजल्यावरबी मी मिनिटभर गप्प बसली, ते त्याच्याहून मोठी चूक."

घरात असं शांत झालं की कमलाबाईच्या सुपातला तांदूळ ऐकू यावा. पण तोही थांबला होता.

"खोली?" रुख्मिणीचा आवाज चढला. "मी काजू घातले, मावशी!"

"दिसले मले."

"पोराले आंघोळ घातली दुसऱ्यांदा!"

"आई," नीलेश पुटपुटला.

"उठा तुमी तिघीबी. खोली नाई भेटत."

"अवं, पण तू म्हटलं ना, लंका चालते, मासेबी चालतात?"

"सून म्हणून चालत होते. किरायदारीण म्हणून नाई!"

दिलिनी या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होती. वऱ्हाडी तिला समजत नव्हती, पण ताट परत चाललेलं दिसत होतं. तिनं हळूच पिशवीतला पोलिसाचा कागद काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी सरळ केला. ते पाहून भागीरथाबाईला गप्प राहवेना.

"जातो आमी," ती म्हणाली आणि उठली. "फक्त एक ध्यानात घे. थे कमलाबाई पाऊण घंट्यापासून भिंतीवर हाये. मी हिरवं नेसून आली, तुमी पोहे देल्ले, पोरगा समोर बसवला. आता पोरगी अशीच गेली तं ते गल्लीले काय सांगन?"

रुख्मिणी थांबली.

"सांगन का लंकेहून पोरगी आणली, थेबी नीलेशले पाहून वापस गेली."

"हे राम," किसनराव म्हणाले.

"आन आता या दोघी तुह्या जिन्यानं वर गेल्या, खाट वर चढली, तं सारी गल्ली म्हणन का खोलीच पाह्याले आलती. मंग पोहे काय, पाव्हण्याले कोणीबी देते."

रुख्मिणीनं ताट टेबलावर ठेवलं. भिंतीकडे पाहिलं. मग पदर खोचून एवढ्या मोठ्यानं ओरडली की सिव्हिल लाईनपर्यंत ऐकू जावं, "नीलेश! वरच्या खोलीतले कांदे काढ! किरायदार आले ना!"

नीलेश त्या दिवशी पावडरीसकट तीन पोती कांदे खाली घेऊन आला. एवढं हलकं झालेलं त्याचं तोंड त्याच्या आईनंही कधी पाहिलं नव्हतं. खाट मात्र रुख्मिणीनं मुद्दाम कमलाबाईच्या भिंतीजवळून न्यायला लावली, आणि मध्ये थांबवून पुसलीसुद्धा.

किसनरावांनी चष्मा लावला आणि पोलिसाचा कागद तीन वेळा वाचला. पत्ता लिहिला, पिनकोड लिहिला, येण्याची वेळ चार वाजून पाच मिनिटं अशी लिहिली. ती लिहायला जागा नव्हती, म्हणून समासात लिहिली. मग सही केली.

रुख्मिणीनं भागीरथाबाईला फाटकाशी गाठलं. "मावशी, याचं मी काई इसरणार नाई."

"नोको इसरू. दिवाळीच्या आत तुले खरी पोरगी दाखवतो. अन् तिले मासे आवडत असन तं?"

रुख्मिणीनं फाटकाची कडी लावली. मग म्हणाली, "डोळे बरे पाह्यजेत."

संध्याकाळी भागीरथाबाई वर चक्कर टाकून आली. वर्षाली झाडून घेत होती आणि मधेच एकटी हसत होती. दिलिनी खिडकी उघडून बसली होती. खोलीला अजून कांद्याचा वास होता, पण तिला तो चालत होता. भागीरथाबाईला पाहून ती उठली, पाया पडली, आणि जरा उदास होऊन म्हणाली, "माताजी, एक बात पूछूँ? वह जो लड़का मेरे सामने बैठा था, सिर झुकाकर..."

"हो, नीलेश. त्याचं काय?"

"वह भी यही कमरा देखने आया था न? हमें मिल गया, उसे नहीं मिला. बेचारा."

भागीरथाबाईनं खाली अंगणात पाहिलं. बेचारा कांद्याच्या पोत्यावर बसून उरलेले पोहे खात होता.

"हो माय," ती म्हणाली. "त्याच्यासाठीबी पाहून राह्यली."